‘इथे आरक्षणाला नावं, तिथे मायनॉरिटीचा दाखला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात मायनॉरिटी उद्योगाचा, म्हणजे अल्पसंख्याकांच्या मालकीची कंपनी असल्याचा, दाखला कसा काढायचा, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही नागपूरहून लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. तुमचं म्हणणं असं : भारतात असताना आरक्षणाला नावं ठेवणारी मंडळी अमेरिकेत गेली की ‘अल्पसंख्याक’ होतात, कागद दाखवून सरकारी कामं उचलतात आणि काळ्या लोकांच्या ताटातलं खातात. वर मी ते कसं खायचं याची शिकवणी घेतोय. ‘फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला हे शोभत नाही,’ असंही तुम्ही लिहिलंत. आणि शेवटी व्हर्जिनियातल्या तुमच्या भाच्याबद्दल एक प्रश्न विचारलात.

पहिला आरोप मला मान्य आहे. १९९० च्या ऑगस्टमध्ये व्ही. पी. सिंगांनी मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा केली तेव्हा मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजातून मोर्चा निघाला, त्यात ‘मेरिट’ लिहिलेला पुठ्ठा घेऊन मी चाललो. माझा रूममेट परभणीकडचा, घरातला पहिला शिकलेला, राखीव जागेवर आलेला. तो त्या दिवशी खोलीतच बसून होता. संध्याकाळी मी परतलो तर त्याने दोघांसाठी चहा केला आणि मोर्चाचं नावही काढलं नाही. पुढच्या आठवड्यात स्ट्रक्चरच्या पेपरच्या आदल्या रात्री त्यानेच मला मोमेंट डिस्ट्रिब्यूशन शिकवलं. त्याचं मेरिट मला रोज दिसत होतं, तरी तो पुठ्ठा मी हातात धरला होता. याची मला आजही लाज वाटते आणि हे मी पहिल्यांदाच लिहितोय.

तेव्हा दाखलाही ठेवायचा आणि भारतातल्या आरक्षणाला विरोधही करायचा, ही सोय मला नको. मी विरोध सोडला. इथल्या माझ्या कितीतरी मराठी मित्रांनी तो सोडलेला नाही आणि भिंतीवर मात्र दाखला फ्रेम करून लावलाय. त्यांना तुम्ही जे बोललात ते लागू आहे. गणपतीच्या कार्यक्रमात भेटलो की मीही त्यांना हेच विचारतो. ते विषय बदलतात.

पण ‘कागद दाखवून कामं उचलतात’ हे मात्र तसं नाही. मी काँक्रीट तपासणीचं काम करतो. साइटवर स्लम्प, म्हणजे ओलं काँक्रीट किती पातळ आहे ते, बघायचा, नमुन्याचे सिलिंडर भरायचे, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी ते दाबून फोडायचे, अहवाल द्यायचा. आम्ही अकरा माणसं आहोत. राज्याचा दाखला २०१६ साली मिळाला. त्यासाठी तीन वर्षांचे टॅक्सचे कागद, बँकेच्या सह्यांचे अधिकार, यंत्रांच्या पावत्या, भागीदारीचा करार असं सगळं दिलं. मग तपासणी करणाऱ्या बाईंनी समोर बसवून दोन तास विचारलं : टेंडरचा आकडा कोण ठरवतं, माणूस कामावर कोण ठेवतं, चेकवर सही कोणाची. कंपनी निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान ५१ टक्के, आपल्या मालकीची हवी आणि चालवतही आपणच असलो पाहिजे. मालमत्तेची मर्यादाही असते. आपल्याकडची जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर एकत्र केल्यासारखा हा प्रकार आहे.

एवढं करून पहिलं काम चौदा महिन्यांनी आलं. मधल्या काळात एका मोठ्या कंत्राटदाराने टेंडर भरताना आमचं नाव लिहिलं, कारण राज्याच्या कामात मायनॉरिटी उद्योगांचा ठरावीक वाटा दाखवावा लागतो. काम त्याला मिळालं आणि नंतर त्याने आमचा फोन उचलणं बंद केलं. तपासणी त्याच्या नेहमीच्याच कंपनीने केली. असं सर्रास होतं. दाखल्यामुळे फक्त यादीत नाव लागतं. पुढे दर, अनुभव, विमा, वेळेवर अहवाल, सगळं इतरांसारखंच द्यावं लागतं आणि सिलिंडर ज्या दाबाला फुटायचा त्याच दाबाला फुटतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या खरेदीतही आकडे आहेत : २३ टक्के छोट्या उद्योगांकडून, ५ टक्के सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या वंचितांच्या छोट्या उद्योगांकडून. पण ती उद्दिष्टं आहेत. आपल्या राखीव जागांसारखं ते नाही.

आता काळ्या लोकांच्या ताटाचं. इथे तुमचं बोट बरोबर जागी पडलंय.

मी बाल्टिमोरजवळ राहतो. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला तेव्हा हे शहर पेटलं होतं, इतरही अनेक शहरं पेटली होती. काळ्यांच्या हाती उद्योग यावेत हा विचार सरकारदरबारी पोचला तो या जाळपोळीच्या वर्षांत. १९६९ साली राष्ट्राध्यक्ष निक्सननी मायनॉरिटी उद्योगांसाठी वेगळं कार्यालय काढलं. १९७८ साली काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, एसबीएच्या, म्हणजे छोट्या उद्योगांच्या केंद्रीय खात्याच्या, ‘एट-ए’ योजनेला कायद्याचा पक्का आधार दिला. वंचितांच्या छोट्या कंपन्यांना केंद्राची कामं मिळावीत म्हणून ही योजना. त्या कायद्यात काळे, हिस्पॅनिक आणि मूळनिवासी अमेरिकन यांची नावं होती. आपण नव्हतो. भारतीयांच्या एका संघटनेने अर्ज केला आणि १९८२ साली एसबीएने भारतीय उपखंडातल्या लोकांना यादीत घेतलं. म्हणजे ही पंगत आपल्यासाठी मांडलेली नव्हती, आपण अर्ज करून तिच्यात बसलो. या देशाचं दारसुद्धा आपल्याला उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो आला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या पाठोपाठ. त्या हक्कांसाठी लाठ्या खाल्ल्या काळ्या लोकांनी. फुल्यांचं नाव तुम्ही काढलंत म्हणून सांगतो : १८७३ साली ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. ती अर्पणपत्रिका मी भारतात कधी वाचली नव्हती. इथे आल्यावर वाचली.

तरी ‘भारतीयांना इथे काही सोसावं लागत नाही’ हे तुमचं वाक्य मी मान्य करणार नाही. २००९ साली एका साइटवर मी काँक्रीटचा ट्रक परत पाठवला, स्लम्प फार जास्त होता म्हणून. तिथला सुपरिंटेंडंट म्हणाला, ज्याचं बोलणं समजतं असा माणूस पाठवा. दुसऱ्या दिवशी माझ्याच हाताखालचा बावीस वर्षांचा गोरा मुलगा गेला, त्याने तेच सांगितलं आणि ते ऐकलं गेलं.

हा प्रसंग मला २०२३ साली लिहून काढावा लागला. मी तेव्हा ‘एट-ए’च्या तयारीत होतो. तोवर नियम असा होता की यादीतल्या गटाचा माणूस सामाजिकदृष्ट्या वंचित आहे हे गृहीत धरायचं. जुलैमध्ये टेनेसीच्या एका फेडरल कोर्टाने ते गृहीतक वापरायला एसबीएला मनाई केली. नवे अर्ज काही काळ थांबले. मग प्रत्येकाने स्वतःची हकीकत लिहून द्यायची असं ठरलं : तुम्हाला काय सोसावं लागलं, कधी, आणि त्याने शिक्षणात, नोकरीत, धंद्यात काय नुकसान झालं.

मी दोन रविवार लिहीत बसलो. साइटवरचा तो प्रसंग, बँकेतला एक, आणखी एक. अपमान खरे होते. पण प्रत्येकासमोर ‘यामुळे तुमचं काय बुडालं’ हा प्रश्न ठेवला की उत्तर तोकडं पडायचं. मी शिकलेल्या आईबापांचा मुलगा, शहरात वाढलेला, फीची चिंता कधी न केलेला. तो अर्ज मी पाठवला नाही. राज्याचा दाखला मात्र ठेवला, कारण आमच्या अकरा घरांपैकी चार-पाच तरी त्याने आलेल्या कामावर चालतात. यात विसंगती आहे असं तुम्ही म्हणाल तर मी वाद घालणार नाही.

त्याच दिवसांत माझ्या त्या रूममेटला फोन केला. तोही आता याच देशात आहे, स्वतःची छोटी कंपनी आहे, ‘एट-ए’साठी त्यालाही हकीकत लिहायची होती. त्याने नियम वाचून दाखवला : वंचितपणा अमेरिकन समाजात आलेला हवा, दुसऱ्या देशातला धरला जात नाही. गावातली विहीर, शाळेत वेगळं बसवणं, मेसमध्ये वेगळं ठेवलेलं ताट, यातलं काहीही त्या कागदावर चालत नाही. मग तो म्हणाला, ‘इथल्या मंडळात लोक आडनाव विचारतात, मग गाव विचारतात, मग बोलावणं बंद होतं, ते लिहू का?’ मला बोलता आलं नाही. कारण ते अमेरिकन समाजातच घडलंय आणि आपणच केलंय. दाखल्यासाठी मात्र तो आणि मी एकाच रकान्यात : उपखंडातले आशियाई. तुम्ही मला काळ्या माणसाच्या ताटाबद्दल विचारलंत. मला त्याच्याही ताटाबद्दल विचारायला हवं होतं. सिएटल शहराने २०२३ साली जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली तेव्हा आमच्या मंडळींच्या ग्रुपवर ‘हिंदूंची बदनामी’ म्हणून किती आरडाओरडा झाला, ते मी पाहिलंय.

आता तुमचा भाचा. ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही, आणि एजंट म्हणतोय की चार हजार डॉलर द्या, कंपनीचे ५१ टक्के बायकोच्या नावावर करा, ती नागरिक आहे. त्याला म्हणावं, हे अजिबात करू नको. ‘एट-ए’ला नागरिकत्व लागतं हे खरं, पण भाचेसूनबाई रोजचा कारभार स्वतः चालवत नसतील तर नावापुरती मालकी म्हणजे सरळ फसवणूक. सही केलेल्या कागदात खोटं निघालं तर तुरुंगापर्यंत जातं, आणि सही तिची असेल. त्या खरोखरच चालवत असतील तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही एजंट नको. सॅम डॉट गव्ह या केंद्र सरकारच्या वेबसाइटवर कंत्राटदारांची नोंदणी फुकट होते, तिथेच कंपनीचा क्रमांक मिळतो. ‘नोंदणी संपत आली, पैसे भरा’ अशी सरकारी दिसणारी पत्रं येतील, ती फाडून टाकायची. एपेक्स अॅक्सिलरेटर नावाची सल्ला केंद्रं राज्याराज्यात आहेत. व्हर्जिनियातही आहेत आणि तीही फुकट. शिवाय रस्ते-पुलांच्या कामांचा केंद्राचा जो डीबीई, म्हणजे वंचितांच्या उद्योगांचा, दाखला आहे, त्याला ग्रीन कार्ड चालतं. पण ऑक्टोबर २०२५ पासून तिथेही वंश किंवा बाई असणं पुरत नाही, प्रत्येकाने आपली हकीकत लिहून द्यायची आहे. ती त्याने स्वतःच लिहावी. एजंटकडे तयार मजकूर असतो आणि तो तपासणाऱ्यांच्या ओळखीचा झालाय. लिहून झालं की पाठवण्याआधी मला दाखवायला सांगा, मी वाचून देईन.