सहा जणांचा मसावि

आमच्या घरात सहा माणसं आहेत आणि सुट्टीत सहाही जणांना ‘कुठेही चालतं’. संकटाची सुरुवात इथून होते.

ज्या घरात नातू डोंगर मागतो, आजी समुद्र मागते आणि दोघंही हटून बसतात, त्या घराचा मला हेवा वाटतो. भांडण मिटवता येतं. एक वर्ष त्याचं, एक वर्ष तिचं. पण कोणाची मागणीच नसेल तर मिटवायचं काय? आमच्याकडे बाबा म्हणतात, ‘‘तुम्ही ठरवा, मी आपला मागून येतो.’’ आई म्हणते, ‘‘माझं काय, मी कुठंही एका जागी बसून राहीन.’’ बायको म्हणते, ‘‘या वेळी तू ठरव, मी एक शब्द बोलणार नाही.’’ (हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो. पुढचे शब्द मोजायचं आता सोडून दिलंय.) चौदा वर्षांची मुलगी फोनमधून मान वर न काढता खांदे उडवते. सहा वर्षांचा मुलगा तेवढा प्रामाणिक. तो म्हणतो, ‘‘जिथं लिफ्ट असेल तिथं.’’ त्याच्याकडे अर्थातच कोणी लक्ष देत नाही.

इतक्या वर्षांत या वाक्यांचे खरे अर्थ मला पाठ झाले आहेत. ‘मागून येतो’ म्हणजे पुढच्या सीटवर बसून माझं ड्रायव्हिंग सुधारत येतो. ‘एका जागी बसून राहीन’ म्हणजे गुडघे दुखतात, पण ते मी कोणाला कळू देणार नाही; तुमचं तुम्ही ओळखा, आणि ओळखलं नाहीत तर परत आल्यावर बघते. खांदे उडवण्याचा अर्थ मात्र अजून लागलेला नाही. तो मुलीलाही ठाऊक नसावा.

बाबा निवृत्त गणित शिक्षक. माझी तीन संध्याकाळची घालमेल बघून त्यांना राहवलं नाही. ‘‘अरे, एवढं सोपं गणित! प्रत्येकाच्या आवडीचे अवयव पाड आणि मसावि काढ. सगळ्यांना भाग जाणारी मोठ्यात मोठी गोष्ट मिळाली की झालं.’’

मग मी गुप्त मतदान घेतलं. सहा चिठ्ठ्या वाटल्या, सात परत आल्या. बायकोच्या चिठ्ठीत होतं, ‘जिथे मला कोणी काहीही विचारणार नाही’. मुलीच्या चिठ्ठीत, ‘वायफाय’. आईच्या सुवाच्य अक्षरात, ‘सगळे म्हणतील तिथे’. बाबांनी एकच शब्द लिहिला होता, ‘घरी’, आणि सवयीने त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. मुलाच्या एका चिठ्ठीवर चौकोन आणि त्यात वर-खाली बाण, दुसरीवर डायनोसॉर. सातवी उघडली तर अक्षर ओळखीचं वाटलं. ‘सगळ्यांना आवडेल असं कुठेही.’ ती माझी होती.

अमेरिकेतले व्यवस्थापनाचे प्राध्यापक जेरी हार्वे यांनी १९७४ साली नेमक्या याच दुखण्यावर लिहून ठेवलंय. टेक्सासमधलं कोलमन गाव, चाळीस अंशांचं ऊन. हार्वे, त्यांची बायको आणि सासूसासरे घरीच निवांत डॉमिनो खेळत बसलेले. सासऱ्यांनी सहज म्हटलं, ॲबिलीनला जेवायला जाऊ या. ॲबिलीन ८५ किलोमीटरवर, गाडीत एसी नाही. पण बायको ‘छान कल्पना’ म्हणाली, जावई ‘मला चालेल’ म्हणाले, सासूबाईही तयार झाल्या. उन्हाधुळीतून गेले, बेचव जेवले, चार तासांनी घामाघूम होऊन परत आले. मग एकेकाच्या तोंडून बाहेर पडलं की मला तर जायचंच नव्हतं, तुमच्यासाठी आले. शेवटी सासरेही म्हणाले, तुम्हाला कंटाळा आला असेल असं वाटलं म्हणून मी आपलं सुचवलं. कोणालाच नको असलेली गोष्ट सगळ्यांनी मिळून आनंदाने करण्याला तेव्हापासून ‘ॲबिलीन विरोधाभास’ म्हणतात. मला नवल वाटलं ते एवढंच, की ते चौघं होते आणि चार तासांत सुटले. आम्ही सहा आहोत आणि पाच दिवसांसाठी जातो.

ठिकाणासाठी पहिला प्रस्ताव ३,४०० मीटर उंचीवरचा आला. बायकोच्या मैत्रिणीने तिथले फोटो पाठवले होते. फोटोंमध्ये आभाळ सुरेख होतं. डॉक्टरांनी आभाळाबद्दल काही विचारलं नाही, आईबाबांची वयं विचारली. मग सांगितलं की साधारण २,५०० मीटरच्या वर उंचीचा त्रास सुरू होऊ शकतो, आणि ३,००० च्या पुढे मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. ‘‘मी रोज पाच किलोमीटर चालतो, मला काही होत नाही,’’ बाबा म्हणाले. डॉक्टर म्हणाले, विरळ हवेला त्याची पर्वा नसते, धडधाकट माणसालाही त्रास होतो. लक्षणं कोणती, तर डोकं दुखणं, भूक मरणं, थकवा आणि रात्री झोप न लागणं. बायको म्हणाली, ‘‘ही तर तुला ठरवाठरवीपासूनच आहेत.’’

शेवटी १,२०० मीटरवरचे, कोणाचाच आक्षेप नसलेले डोंगर ठरले आणि मी हॉटेलं शोधायला बसलो. हॉटेलवाले पोहण्याच्या तलावाचे चौदा फोटो टाकतात आणि बाथरूमचा एकही नाही. सत्तरीच्या माणसांना घेऊन जाताना तलाव दिसला नाही तरी चालतो, बाथरूम दिसावी लागते. म्हणून मी फोन करत सुटलो.

‘‘बाथरूममध्ये दांडी आहे का?’’

‘‘टॉवेल टाकायची? आहे ना.’’

‘‘ती नाही. माणसाने धरायची.’’

पलीकडे शांतता. ‘‘सर, आमच्याकडे स्पा आहे.’’

नऊ हॉटेलांना विचारलं. सात ठिकाणी स्पा होता. दांडी दोन ठिकाणी निघाली आणि त्यातल्या एका ठिकाणी ती असलेली खोली तिसऱ्या मजल्यावर होती. ‘‘लिफ्ट?’’ मी जीव मुठीत धरून विचारलं. ‘‘आहे, पण जुनी आहे सर.’’ मी तिथल्या तिथे दोन खोल्या घेतल्या. फोन ठेवताना लक्षात आलं की आईला गुडघ्यांसाठी लिफ्ट हवी, मुलाला लिफ्टसाठी लिफ्ट हवी, आणि सामान उचलायला लागू नये म्हणून मला आणि बायकोलाही तीच हवी. आमचा मसावि निघाला होता. पहिल्याच दिवशी सहा वर्षांच्या पोराने तोंडी सांगितलेलं उत्तर मी तीन आठवडे मांडून सोडवलं.

२०१० साली नेदरलँड्समधल्या दीड हजारांवर लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारी माणसं न जाणाऱ्यांपेक्षा निघण्याआधीच जास्त खूश असतात आणि परतल्यावर बहुतेकांच्या आनंदात काही फरक उरत नाही, असं त्यात आढळलं. थोडक्यात, खरी मजा वाट बघण्यात. त्या मंडळींना हॉटेलात फोन करून दांडी विचारावी लागत नसणार.

मी पाच दिवसांचा तक्ता बनवला, त्यात अकरा ठिकाणं. बायकोने तो बघून ही सुट्टी आहे की बदली, असं विचारलं. (एक शब्द बोलणार नव्हती.) बाबांनी लाल पेनाने शेरा मारला, ‘थांबे धरलेले नाहीत’.

शेरा बरोबर होता, हे गाडी सुरू झाल्यावर तासाभरात कळलं. बाबांना दर ६० मिनिटांनी जावं लागतं, मुलाला दर ४० मिनिटांनी. लसावि १२०, म्हणजे दोघांची एकदम वेळ दोन तासांतून एकदाच येणार. मधल्या काळात ४०, ६० आणि ८० व्या मिनिटाला गाडी वेगवेगळी थांबणार. आईला कधीच जायचं नसतं, कारण ती पाणीच पीत नाही, आणि ते पाजण्यासाठी आणखी एक थांबा. गाडी थांबली की मुलगी विचारायची, ‘‘आलो?’’ प्रवासात अधूनमधून उतरून पाय मोकळे करावेत, वयस्कांनी तर जरूर, फार वेळ बसून पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, असं मी कुठे कुठे वाचलं होतं. त्या बाबतीत आमच्या कुटुंबाचं रक्त अत्यंत सुरक्षित आहे.

घाट लागला आणि मुलगा गप्प झाला. लहान मुलाचं गप्प होणं ही घाटातली सर्वांत वाईट बातमी. मागच्या सीटवर तो फोनमध्ये डोकं घालून बसला होता. अशा वेळी कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो की आपण वळतोय, हेलकावतोय. डोळे सांगतात की सगळं जागच्या जागी आहे. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहीत की मेंदू पोटाला बाहेर काढतो. दोन ते बारा या वयात हे सर्वांत जास्त. उपाय म्हणजे फोन बंद, नजर लांबवर आणि जमलं तर पुढची सीट. पुढच्या सीटवर बाबा. एवढ्या लहान मुलाला पुढे बसवायचं नसतं, असं त्यांनी सुनावलं. ते बरोबरच होतं, पण सांगतानाचा त्यांचा आनंद लपत नव्हता. बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. औषधांची पिशवी हाताशी ठेवावी, डिकीत सर्वांत मोठ्या बॅगेच्या खाली ठेवू नये, एवढं मात्र कळकळीने सांगतो.

हॉटेलात पोचल्यावर घड्याळांचा प्रश्न आला. आई-बाबा पहाटे साडेचारला उठतात, मुलगी अकराला. आधी मला तो संस्कारांचा प्रश्न वाटायचा. तो शरीरातल्या घड्याळाचाही असतो म्हणे. वयात येताना ते पुढे सरकतं, म्हातारपणी मागे येतं. बरोबर मध्ये आम्ही दोघं, ज्यांना मुळात झोपच नाही. साडेचारला बाबा दारावर टकटक करून ‘उठलात का’ विचारायचे. रात्री एकला भिंतीपलीकडून मुलीचं हसू ऐकू यायचं. सूर्योदय बघायला पहिल्या दिवशी आई-बाबा, मी आणि झोपेतलं पोर असे गेलो. धुकं होतं. सूर्य उगवला असावा.

दुसऱ्या दिवसापासून तक्ता ढासळला. धबधब्यापाशी दोनशे पायऱ्या निघाल्या. आई म्हणाली, ‘‘तुम्ही जाऊन या, मी इथं छान बसते.’’ आम्ही गेलो आणि तिचा चेहरा आठवत धावत परत आलो. संग्रहालय बंद. नौकाविहाराला मुलगी नाही म्हणाली, म्हणून बायको नाही म्हणाली, म्हणून मी एकटा मुलाबरोबर पायडल मारत बसलो. अकरापैकी चार ठिकाणं झाली.

मुलाची सुट्टी मात्र जोरात चालली होती. तो दिवसभर लिफ्टमध्ये असायचा आणि सोबतीला आई. तिला पायऱ्या नव्हत्या, त्याला बटणं होती. येणाऱ्याजाणाऱ्याला तो मजला विचारायचा, ती गाव विचारायची. तीन दिवसांत तिला हॉटेलातली सगळी कुटुंबं ठाऊक झाली. माझ्या तक्त्यात यासाठी रकाना नव्हता.

शेवटच्या संध्याकाळी वीज गेली. आई, बाबा, मुलगी आणि मुलगा, चौघंही दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकले. मी धावत जिना चढलो. आतून धोक्याची घंटा वाजत होती. ठणठणीत लयीत, म्हणजे बटण कोणाच्या ताब्यात होतं हे उघड होतं. मॅनेजर म्हणाला, दार कोणी ओढू नका, हवा खेळती आहे, माणूस निघालाय, वीस मिनिटं लागतील. मी दाराच्या फटीला तोंड लावून ओरडलो, ‘‘घाबरू नका!’’

‘‘हळू बोल,’’ आतून बाबा म्हणाले, ‘‘मी शिकवतोय.’’

१८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस स्वतः लिफ्टच्या फळीवर उभा राहिला, ती उंच नेली आणि सगळ्यांदेखत दोर तोडायला लावला. फळी थोडी घसरली आणि ब्रेक लागून जागच्या जागी थांबली, हे ते सांगत होते. मुलाने विचारलं, ‘‘त्याचे आई-बाबा बाहेर उभे होते का?’’ मुलगी हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा फोनशिवाय, कारण आत रेंज नव्हती. मग आईने काहीतरी सांगितलं, ते ऐकू आलं नाही, पण चौघंही मोठ्याने हसले. माझ्या लहानपणाबद्दल असावं.

मी बायकोकडे बघितलं. ती समोरच्या सोफ्यावर पाय वर घेऊन, डोळे मिटून बसली होती. मी शेजारी टेकलो. कोणी काही विचारत नव्हतं. कोणाला कुठे जायचं नव्हतं. कोणाला पाणी नको होतं. सहाही जण ठाऊक असलेल्या ठिकाणी होते.

जिन्यावर पावलं वाजली. दुरुस्तीवाला धापा टाकत वर आला, ‘‘दोन मिनिटांत काढतो.’’

‘‘सावकाश,’’ बायको डोळे न उघडता म्हणाली, ‘‘आधी दम खा. पाणी प्या.’’

घरी आल्यापासून आई फोनवर प्रत्येकाला लिफ्ट सांगते. वीस मिनिटांची आता पाऊण तास झाली आहेत आणि त्यात ती अजिबात घाबरली नव्हती. धबधबा, धुकं, पायडल यांचा उल्लेख नाही. बाबांनी माझ्या तक्त्यावर अकरापैकी चार गुण दिले आणि खाली हिरव्या पेनाने एक गुण वाढवला, तो कशाचा ते लिहिलेलं नाही.

पुढच्या सुट्टीसाठी मी कालपासून फोन सुरू केलेत.

‘‘लिफ्ट आहे का?’’

‘‘आहे ना सर! एकदम नवीन आहे.’’

‘‘अच्छा,’’ मी म्हणालो. ‘‘जुनी कुठे मिळेल?’’