6 महिन्यांत 40 किलोचा उस्मानाबादी बोकड? आधी हिशेब करा

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: ‘उस्मानाबादी करडू बांधून भरपूर खुराक द्या, 6 महिन्यांत 40 किलोचा बोकड तयार. मटण दुप्पट पडतं. रानात चरणारी शेळी म्हणजे नुसती हाडं.’ धाराशिव, लातूर, बीडकडची पोरं याच भरवशावर शेडसाठी कर्ज काढायला निघालीत, म्हणून हे लिहितोय.

आधी 40 किलोचं बघू. करडू जन्मतं अडीच किलोच्या आसपास. 6 महिन्यांत 40 गाठायचं तर रोज 200 ग्रॅमच्या वर वाढ हवी. देशी करडू चांगल्या खाद्यावरही याच्या निम्म्याच्या आसपास वाढतं. पूर्ण वाढलेल्या उस्मानाबादी बोकडाचं सरासरी वजनच 34 किलोच्या घरात असतं. धान्य-पेंडीच्या खुराकानं वाढीचा वेग सुधारतो, छातीचा घेर भरतो, पण जातीचा सांगाडा बदलत नाही.

दुप्पट मटणाचा दावा तर सरळ खोटा आहे. 25 किलोच्या बोकडात मटण पडतं 45 ते 50 टक्के, म्हणजे 11 ते साडेबारा किलो. खुराकावरच्या बोकडाचा उतारा, म्हणजे जिवंत वजनातून पडणाऱ्या मटणाची टक्केवारी, थोडा जास्त येतो, हे खरं. पण त्यातला काही फरक पोटातल्या चाऱ्याचा असतो. रानातून आलेल्या शेळीचा कोठा पाल्यानं भरलेला असतो, तो काट्यावर मोजला जातो आणि उतारा कमी दिसतो. पोट रिकामं धरून हिशेब केला की फरक कमी होतो. शिवाय शेळीची चरबी आधी आतड्यांभोवती आणि गुर्द्यांवर साठते. धान्याचा मारा केला तर तुमचा पैसा तिथं जातो, आणि खाटीक चरबीला मटणाचा भाव देत नाही. एकदम जास्त मका घातला तर पोटात आम्ल वाढून करडू दगावतंही.

‘नुसती हाडं’ यात थोडं तथ्य आहे, तेही उन्हाळ्यापुरतं. होळीनंतर आपल्या माळावर काही उरत नाही, नुसत्या चराईवरची करडं वाळतात. पावसाळ्यात तीच बोर-बाभळीच्या पाल्यावर सावरतात.

माझं मत अर्धबंदिस्ताच्या बाजूनं आहे. दिवसा सहा-सात तास चराई, संध्याकाळी तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट, बांधावरची शेवरी आणि करडामागे पाव किलोपर्यंत खुराक, तोही हळूहळू वाढवत. जंतनाशक वेळेवर द्या आणि दर महिन्याला करडं काट्यावर घाला.