आई, मी तळघरात राहत नाही

चोंगचिंगला आल्यावर तिसऱ्याच दिवशी आईने फोनवर विचारलं, कितव्या मजल्यावर खोली मिळाली रे? मी खरं तेच सांगितलं, की सातव्या, फक्त रस्त्यावरून आत आलं की लिफ्टने दोन मजले खाली उतरावं लागतं. पलीकडे शांतता. मग म्हणाली, "तळघरात ठेवलंय होय रे तुला कंपनीने?" तेव्हापासून आमच्या सगळ्या नातेवाइकांत बातमी आहे की पोरगा चीनला गेलाय खरा पण बिचाऱ्याच्या खोलीला ऊन नाही.

आता आईला काय समजावणार, मला समजायलाच दोन आठवडे लागले. आमच्या बिल्डिंगचं गेट नवव्या मजल्यावर आहे. बिल्डिंग डोंगराला पाठ टेकून उभी आहे, रस्ता तिच्या कमरेपाशी येतो, आणि त्या रस्त्याच्या खाली अजून आठ मजले आहेत ज्यांच्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं, कारण सोलापूरच्या माणसाच्या डोक्यात रस्ता म्हणजे जमीन आणि जमीन म्हणजे तळमजला, त्याच्या खाली काय असणार, पाण्याची टाकी. आमचं गाव परातीसारखं सपाट. इथे यांगत्से आणि च्यालिंग अशा दोन मोठ्या नद्या येऊन मिळतात आणि दोघींच्या मधल्या उभ्या टेकाडावर अख्खं शहर एकावर एक रचलंय, दिवाळीच्या फराळाचे डबे कपाटात कोंबतात तसं. कुइशिंगलौ नावाची एक इमारत आहे, तिच्या समोरच्या चौकात बायका आरामात नाचाचा व्यायाम करत असतात, आणि त्याच चौकाच्या कठड्यावरून खाली वाकलं की कळतं आपण २२व्या मजल्यावर उभे आहोत. बायशियांगज्यू म्हणून एक जुनी २४ मजली वस्ती आहे, तिला लिफ्टच नाही, कारण बाहेर पडायला पहिल्या, दहाव्या आणि पंधराव्या मजल्यावर वेगवेगळे रस्ते आहेत. पंधराव्यावर भाजी संपली की दहाव्यावर उतरून आणायची.

तर हे रामायण घडलं एका शनिवारी. आमच्या टीममधल्या एका मित्राने हॉटपॉट खायला बोलावलं, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्श्यात एकेक जिन्नस बुडवून शिजवून खायचं. म्हणाला, युद्धाच्या काळातल्या बॉम्बपासून लपायच्या बोगद्यात दुकान आहे, आत एसीची गरज नाही. (हे खरंय, १९३८ ते ४३ जपानने या शहरावर बॉम्ब टाकले, तेव्हा ही चीनची युद्धकाळातली राजधानी होती, आणि डोंगरात खणलेल्या त्या बोगद्यांत आता हॉटेलं आहेत, दारूची कोठारं आहेत, पेट्रोल पंपसुद्धा आहे. चिनी जखमी सैनिकांवर उपचार करायला गेलेले आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस उत्तरेकडच्या येनानला जाताना त्याच धामधुमीत या शहरातून पुढे गेले. त्यांच्याकडे फोनमधला मॅप नव्हता तरी ते पोचले, हे लक्षात ठेवा.) मित्राने लोकेशन पाठवलं. मी उघडलं तर लाल टिकली बरोबर माझ्याच बिल्डिंगवर. अंतर शून्य मीटर. मी म्हटलं अ‍ॅप गंडलंय, फोन बंद करून चालू केला, परत शून्य. मग मित्रालाच फोन केला. तो बिचारा स्वतः ज्या वाटेने जातो ती वाट सांगायला लागला, की मोनोरेलने लिझिबाला ये, बाहेर पड, आणि मग उतर.

"किती उतरू?"

"उतरत राहा."

लिझिबा म्हणजे तेच ते जगप्रसिद्ध स्टेशन जिथे दोन नंबरची मोनोरेल १९ मजली इमारतीच्या पोटातून जाते, स्टेशन सहाव्या ते आठव्या मजल्यावर आणि वर लोक संसार करतात. खालच्या कट्ट्यावर शेकडो पर्यटक आ वासून उभे असतात, अक्षरशः आ वासून, कारण फोटोत गाडी तोंडात शिरल्यासारखी दिसते. मी त्या गर्दीतून वाट काढत पायऱ्या शोधल्या आणि उतरायला लागलो. दीडशेपर्यंत मोजल्या, मग नाद सोडला. ऑगस्टचा महिना, संध्याकाळचे साडेसहा, अंगाची आंघोळ. उन्हाबद्दल सोलापूरच्या माणसाने तक्रार करू नये हे मान्य, पण आमचं ऊन कोरडं, तव्यासारखं, आणि इथलं कुकरसारखं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इथल्या बेइबेइ भागात ४५ डिग्री झालं होतं असं ऑफिसातले लोक सांगतात, म्हणजे तिथेही बरोबरी, आता फुशारकी मारायला फक्त शेंगाची चटणी उरली. तिची एक बरणी भेट म्हणून पिशवीत घेतलीच होती.

पायऱ्या संपल्या तिथे भिंत. एक बांगबांगवाले आजोबा बसले होते, म्हणजे खांद्यावर बांबूची कावड घेऊन लोकांचं सामान चढवणारे हमाल, आता फार थोडे राहिलेत आणि जे आहेत ते सगळे म्हातारे. त्यांना फोन दाखवला. इथे पत्ता सांगताना पूर्व-पश्चिम कोणी म्हणत नाही, नुसतं वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. आजोबांनी हाताने खाली, वर, परत खाली असं काहीतरी केलं, आरतीत ताट ओवाळतात तसं, आणि वर म्हणाले "याओदे", म्हणजे होय, जमतंय. कोणाला जमतंय ते काही बोलले नाहीत. चार पायऱ्या मागे, एका बिल्डिंगमध्ये शिरून तिसऱ्या मजल्यावरून सहाव्यावर, तिथल्या दाराने बाहेर तर समोर बसस्टॉप! बसस्टॉपला वळसा घालून परत खाली. सायकल एक दिसली नाही सबंध वाटेत, आणि का नाही ते माझ्या गुडघ्यांना विचारा.

शेवटी मित्राचा फोन.

"कुठे आहेस?"

"पहिल्या मजल्यावर."

"मी पण पहिल्या मजल्यावर. दिसत नाहीस."

"माझ्यासमोर रस्ता आहे."

"माझ्यासमोर पण रस्ता आहे."

"तू नदी बघ, नदी किती खाली दिसते?"

इथे अक्षांश-रेखांशाचा काही उपयोग नाही, माणूस नदीपासून किती उंच आहे एवढंच विचारायचं. तो होता माझ्या पायाखाली पाच मजले. एक तास दहा मिनिटांनी पोचलो तेव्हा माझ्या शर्टाकडे बघून वेटरने आधी पाणी आणलं, मग मेन्यू.

हॉटपॉटचं वेगळं सांगायची गरज नाही, नऊ खणांच्या जाळीत लाल तेल रटरटतं. फक्त एवढंच की इथला खरा रस्सा बैलाच्या चरबीचा असतो त्यामुळे मी वनस्पती तेलाचा मागितला, आणि मोठ्या ऐटीत वेइला म्हणजे कमी तिखट घेऊ म्हटलं तर मित्र हसला, कारण कमी तिखट ही या शहराची शेवटची सवलत आहे, त्याखाली काही मिळत नाही. तिखट मला सोसतं हो, पण त्या मिरीसारख्या दिसणाऱ्या दाण्यांनी जीभ दाताच्या डॉक्टरकडे गेल्यासारखी बधिर होते आणि मग तिखट लागतंय की नाही हेच कळत नाही. मित्राने माझी चटणी मात्र चमच्याने खाल्ली, नुसती, आणि म्हणाला गोड आहे.

साडेनऊला निघालो. परत त्या पायऱ्या चढायच्या या विचारानेच पोटात गोळा आला. मित्राने विचारलं, राहतोस कुठे? मी फोनवर घराची टिकली दाखवली. त्याने टिकलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग आमचं जेवण आणणाऱ्या आयीला बोलावून दाखवलं (मावशीला इकडे आयी म्हणतात, दर वेळी मला दचकायला होतं). ती एवढी हसली की टेबल धरून उभी राहिली. मग मला दंडाला धरून दुकानाच्या बाहेर शेजारच्या काचेच्या दारापाशी नेलं. आत ओळखीच्या टाइल्स, ओळखीची सूचनांची पाटी, आमचीच लिफ्ट. आकडा १. दोन महिने रोज या लिफ्टने नऊवरून सातवर उतरत होतो आणि एकदाही १ दाबून बघितलं नव्हतं, मला वाटायचं तिथे मीटरची खोली असेल.

सात दाबलं. लिफ्ट वर निघाली.

घरात शिरल्या शिरल्या आईला फोन लावला, तिकडे सातच वाजले होते, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. म्हटलं, आई, आज मी लिफ्टने सहा मजले वर चढून घरी आलो.

"बदललीस ना शेवटी ती खोली," आई म्हणाली. "बरं केलंस बाबा."