अक्षर मोठं केलं की पान मोडतंच कसं?

पुन्हा तेच! वेंगुर्ल्याला घरी गेले की पहिल्याच संध्याकाळी आई ओटीवर मोबाइलवर वेबसाइटचं पान उघडून पुढे करते. "ह्यां माका काय दिसणा नाय गो." कसं दिसेल? पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षर, त्यात खळ्यातून येणारी उन्हाची तिरीप. दोन बोटांनी मोठं करावं तर पान ढिम्म हलत नाही. बनवणाऱ्यानेच झूम बंद करून ठेवलाय.

मग मी क्रोमच्या सेटिंगमध्ये शिरते. अ‍ॅक्सेसिबिलिटीत अक्षराचा आकार वाढवते, झूमची सक्ती करणारा पर्याय चालू करते. अक्षर मोठं होतं आणि पान मोडतं! ओळी एकमेकींवर चढतात, वेलांट्या वरून कापल्या जातात, उकार खालच्या ओळीत घुसतात. आपल्या अक्षरांना वर-खाली जागा लागते, हे कुणाच्या गावीच नसतं. फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरच्या रीडर व्ह्यूमध्ये नुसता मजकूर राहतो, हवा तेवढा मोठा. फार चांगली सोय. पण त्याचं चिन्ह प्रत्येक पानावर येत नाही, अर्ज भरायच्या पानावर तर नाहीच.

नियम काही कालचे नाहीत. डब्ल्यूसीएजी २.० मध्ये, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या जागतिक नियमावलीत, २००८ सालीच लिहिलंय: मजकूर २०० टक्के मोठा करता यावा, काहीही न गमावता, अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ असावा. इतकी वर्षं झाली! सत्तरी ओलांडलेल्या बाईने वीजबिल वाचायला लेकीच्या सुट्टीची वाट का बघायची?