‘झरोके उघडा, आतून रंग लावा’ : तळघरातील ओलीबद्दलच्या एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पहिलेच घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांमध्ये एक सल्ला व्हॉट्सॲपवरून सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा : बेसमेंटमध्ये किंवा क्रॉलस्पेसमध्ये (घराच्या फरशीखालची, सरपटत जाण्याइतकी बुटकी जागा) ओल असेल तर उन्हाळाभर झरोके आणि खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती ठेवावी, भिंतींना आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात द्यावेत, उरलेला ओलावा ओढून घ्यायला डीह्युमिडिफायर लावावा, भेगा सगळ्याच घरांना असतात, त्या बुजवून टाकाव्यात, आणि एवढे करूनही पाणी शिरलेच तर पंप लावून ताबडतोब उपसावे, खर्च घराचा विमा भरून देतो. हा सल्ला देणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र ओल नेमकी येते कुठून, हा पहिला प्रश्न त्यात कुठेच विचारलेला नाही, आणि तो न विचारल्यामुळे यातला जवळजवळ प्रत्येक उपाय चुकीच्या ठिकाणी पैसे घालायला लावतो.

सर्वांत आधी खेळत्या हवेचा मुद्दा घेतो, कारण तोच सर्वांत पटण्यासारखा वाटतो आणि त्यानेच सर्वाधिक नुकसान होते. आपण ज्या घरांत वाढलो ती जोत्यावर उभी होती, त्यांना समोरासमोर खिडक्या होत्या आणि आतली हवा बाहेरच्या हवेइतकीच गरम असे. तिथे वारा फिरला की भिंती सुकत, हा अनुभव खरा आहे. नॉर्थ कॅरोलिनातील किंवा न्यू जर्सीतील घराखालची जागा मात्र जमिनीच्या थंडाव्यामुळे आणि वर चालणाऱ्या एसीमुळे बाहेरच्यापेक्षा बरीच थंड असते. जुलैमध्ये बाहेर तापमान ९० अंश फॅरनहाइट आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू सुमारे ७४ अंश येतो. म्हणजे ७४ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागाला ती हवा लागली की तिथे पाणी जमणार. क्रॉलस्पेसमधली माती, गार पाण्याचे नळ, एसीचे पत्र्याचे डक्ट (हवा वाहून नेणारे नळ) आणि थंड केलेल्या खोल्यांखालचे लाकडी जॉइस्ट (फरशी पेलणाऱ्या तुळया) हे बहुधा त्याहून थंड असतात. झरोके उघडल्याने तिथला ओलावा बाहेर जात नाही. उलट बाहेरचा आत येऊन साचतो.

ऑगस्टमध्ये टॉर्च घेऊन अशा उघड्या झरोक्यांच्या क्रॉलस्पेसमध्ये सरपटत गेल्यास हे डोळ्यांनी दिसते. डक्टच्या खालच्या बाजूला थेंब लोंबत असतात, जॉइस्टवर करड्या-काळ्या बुरशीचे ठिपके उमटलेले असतात, आणि घराच्या फरशीला खालून बसवलेले फायबरग्लासचे इन्सुलेशन (उष्णतारोधक थर) पाणी पिऊन जड झालेले, काही ठिकाणी तारेच्या आधारातून सुटून मातीवर पडलेले असते. दिवाणखान्यातली लाकडी फरशी कडांना वर उचलली गेली असेल तर त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

झरोक्यांची ही प्रथा मुळात नियमातूनच रुजली, हे मान्य केले पाहिजे. दर १५० चौरस फूट जमिनीमागे १ चौरस फूट झरोका, हे प्रमाण अमेरिकी बांधकाम नियमांत अनेक दशके आहे आणि आजही तो एक मान्य पर्याय आहे. परंतु इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड ही घरबांधणीची नमुना नियमावली आता बंदिस्त क्रॉलस्पेसलाही मान्यता देते, आणि त्यामागे प्रत्यक्ष घरांवर केलेले काम आहे. नॉर्थ कॅरोलिनातील प्रिन्सव्हिल गावात १२ घरांवर झालेल्या अभ्यासात बंदिस्त क्रॉलस्पेस उघड्यांपेक्षा उन्हाळ्यात स्पष्टपणे कोरडे राहिले आणि हीटिंग-कूलिंगची ऊर्जाही सरासरी १५ टक्के किंवा त्याहून अधिक वाचली. कोलोराडो किंवा ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत उघडे झरोके निभावून जातात. सल्ला देणारा तिथे राहत असेल तर त्याचा अनुभव खोटा नाही, पण तो दमट हवेच्या रॅलेला (नॉर्थ कॅरोलिना) किंवा अटलांटाला लागू पडत नाही.

क्रॉलस्पेस बंदिस्त करणे म्हणजे केवळ झरोक्यांवर फळी ठोकणे नव्हे. संपूर्ण मातीवर किमान ६ मिल (०.००६ इंच) जाडीचे पॉलिथिन अंथरावे लागते, त्याचे जोड ६ इंच एकमेकांवर घेऊन चिकटवावे लागतात, कडा भिंतीवर किमान ६ इंच चढवून पक्क्या कराव्या लागतात, आणि मग तिथली हवा डीह्युमिडिफायरने किंवा घरातली थोडी कोरडी हवा सोडून कोरडी ठेवावी लागते. आत पाणी साचत असेल तर त्याचा निचरा याआधी झाला पाहिजे. तिथे ज्वलनासाठी आतलीच हवा घेणारा गॅसचा वॉटर हीटर किंवा फर्नेस असेल तर झरोके बंद करण्यापूर्वी परवानाधारक तंत्रज्ञाला दाखवणे अत्यावश्यक आहे, कारण हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. वाळवीच्या भागात भिंतीच्या माथ्याशी तपासणीसाठी काही इंचांची पट्टी उघडी सोडतात. आणि पूरक्षेत्रातील घरांना पुराचे पाणी आत-बाहेर जाण्यासाठी जी छिद्रे ठेवलेली असतात, ती कोणत्याही कारणाने बुजवू नयेत. आत-बाहेर पाण्याची पातळी समान राहावी आणि भिंत ढासळू नये म्हणून ती असतात.

बेसमेंटच्या खिडक्यांनाही हाच न्याय लागू होतो. दमट उन्हाळ्यात त्या बंद ठेवाव्यात.

आता आतून लावायच्या रंगाकडे वळू. भिंतीबाहेरची माती पाण्याने भरली की पाणी भिंतीवर दाब देते, आणि पाण्याची पातळी तळापासून १ मीटर चढली तर भिंतीच्या पायथ्याशी दर चौरस मीटरवर सुमारे १ टन भार येतो. काँक्रीटमधून झिरपणारे हे पाणी रंगाला भिंतीपासून आतल्या बाजूला ढकलत असते. त्यामुळे काही काळ भिंत कोरडी दिसते, नंतर रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात आणि खाली पांढरा लोणा दिसू लागतो. किरकोळ दमटपणासाठी हा रंग चालेल. दाबाने येणाऱ्या पाण्यासमोर तो टिकत नाही. आपल्याकडे यांतले नेमके काय आहे ते ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. ॲल्युमिनियम फॉइलचा फूटभर चौकोन भिंतीवर चारही बाजूंनी घट्ट टेप लावून चिकटवावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावा. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर ओल हवेतली आहे; भिंतीकडच्या बाजूला असतील तर ती भिंतीतून येते आहे.

भिंतीतून येत असेल तर आत काही करण्याआधी पाऊस पडत असताना छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारावी, असे मी आग्रहाने सुचवतो. १००० चौरस फुटांच्या छपरावर १ इंच पाऊस पडला की सुमारे ६२३ गॅलन पाणी गोळा होते. गटर (छपराच्या कडेची पन्हळ) पानांनी तुंबलेले असेल किंवा डाउनस्पाउट (पन्हळीतले पाणी खाली आणणारी नळी) पायाच्या कोपऱ्याशीच संपत असेल, तर हे सगळे पाणी आपणच बेसमेंटच्या भिंतीमागे ओतत असतो. शिवाय बांधकामाच्या वेळी भिंतीमागे भरलेली सैल माती काही वर्षांत खचते आणि जमिनीचा उतार घराकडे होतो. घरापासून पहिल्या १० फुटांत जमीन ६ इंच उतरली पाहिजे, असे कोड सांगते. गटर साफ करणे, डाउनस्पाउटला लांब नळी जोडून पाणी दूर सोडणे आणि चिकण मातीची भर घालून उतार बाहेरच्या दिशेने वळवणे, ही कामे बहुतेक कुटुंबांना स्वतःच्या हाताने करता येतात. मोफत पाहणीला येणारा विक्रेता मात्र बहुधा थेट आतून फरशी फोडून निचऱ्याची नळी आणि संप पंप (फरशीतील खड्ड्यात जमलेले पाणी उपसणारा पंप) बसवण्याचे हजारो डॉलरचे अंदाजपत्रक पुढे ठेवतो. भूजलाची पातळीच वर असेल तर तो उपाय योग्य आणि कधी कधी एकमेव असतो. पण बाहेरचे पाणी वळवून एक-दोन मोठे पाऊस पाहिल्याशिवाय त्यावर सही करू नये.

डीह्युमिडिफायरविषयी थोडक्यात सांगतो. हवेतल्या ओलीवर तो उत्तम आहे आणि बेसमेंटची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखण्यासाठी तो हवाच. भिंतीतून झिरपणारे पाणी मात्र त्याने थांबत नाही. ते फक्त आत आल्यावर गोळा होते आणि विजेचे बिल वाढत राहते.

भेगांबाबतच्या विधानात अर्धे सत्य आहे. ओतीव काँक्रीटच्या भिंतीतील केसासारखी उभी भेग बहुतेक वेळा काँक्रीट सुकताना आकसल्याने पडलेली असते आणि पाणी येत असल्यास पॉलियुरेथेनचे इंजेक्शन देऊन ती बंद करता येते. परंतु काँक्रीट ब्लॉकच्या भिंतीत मध्याच्या आसपास आडवी भेग दिसली तर बाहेरची ओली माती भिंतीला आत ढकलते आहे असे समजावे. ब्लॉकच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी भेग बहुधा पाया एका बाजूला खचत असल्याची खूण असते. अशा भेगेवर सिमेंट फासले की पुरावाच झाकला जातो. त्याऐवजी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी, भिंतीला ओळंबा धरून फुगवटा मोजावा आणि दुरुस्ती विकत नसलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला फी देऊन बोलवावे. फुगवटा कमी असताना कार्बन फायबरच्या पट्ट्यांनी भागणारे काम उशीर झाल्यास पोलादी खांबांवर किंवा भिंत नव्याने बांधण्यावर जाते. कनेटिकटच्या ईशान्य भागात आणि लगतच्या मॅसॅच्युसेट्समध्ये तर भेगांचा आणखी एक प्रकार आहे : १९८३ नंतर बांधलेल्या अनेक घरांच्या काँक्रीटमध्ये पायरोटाइट हे खनिज मिसळले गेले, ते पाणी आणि हवा लागून फुगते आणि भिंतीवर नकाशासारखे जाळे उमटते. तिथे बुजवण्याने काहीच साधत नाही, पाया बदलावाच लागतो. कनेटिकटमधील हार्टफर्डच्या परिसरात घर पाहणाऱ्यांनी काँक्रीटची तपासणी झाल्याशिवाय व्यवहार करू नये.

विम्याचा भरवसा सर्वांत महागात पडतो. १ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा वादळाच्या अवशेषांनी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये जो पाऊस पाडला, त्यात एकट्या न्यूयॉर्क शहरात तळघरातील घरांमध्ये ११ माणसांचा जीव गेला, आणि ज्यांची केवळ घरे भिजली त्यांतल्या पुष्कळांना पुराचे पाणी सामान्य गृहविम्यात बसत नाही हे तेव्हा कळले. त्यासाठी वेगळा पूरविमा लागतो, तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो, आणि राष्ट्रीय पूरविमा योजनेतही बेसमेंटमधील फर्नेस किंवा वॉटर हीटरची भरपाई मिळाली तरी गालिचे, सोफा, सजवलेल्या भिंती यांची मिळत नाही. मैलावाहिनीतून उलटे येणारे पाणी आणि संप पंप बंद पडणे यांसाठी गृहविम्यात वेगळी जोड घ्यावी लागते. वादळात वीज जाते तेव्हाच पंपाची गरज असते, म्हणून बॅटरीवर चालणारा दुसरा पंप हवा.

राहिला ताबडतोब उपसण्याचा मुद्दा. नळ फुटून साचलेले पाणी लगेच काढावे. पुराने बेसमेंट भरले असेल आणि बाहेरची माती अजून पाण्याने गच्च असेल, तर आतले पाणी हाच त्या भिंतींचा आधार असतो. तो एकदम काढून घेतला तर भिंत आत कोसळू शकते. बाहेरच्या जमिनीवरचे पाणी ओसरल्यानंतर वीज बंद असल्याची खात्री करून १ फूट पाणी काढावे, भिंतीवर खूण करून रात्रभर थांबावे, आणि सकाळी पातळी खुणेच्या वर चढलेली दिसली तर आणखी एक दिवस वाट पाहावी.