सोय सगळ्यांचीच होते
लेखात म्हटलंय की संकेतस्थळं अंधांना वापरता येतील अशी करणं म्हणजे मूठभर लोकांसाठी मोठा खर्च. अजिबात पटलं नाही. माझे मामा पूर्ण अंध आहेत, एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरतात. बिल भरताना पानावरच्या बटणांना नावंच दिलेली नसली की त्यांच्या कानावर नुसतं "बटण, बटण, बटण" पडतं. पैसे भरायचं कुठलं, रद्द करायचं कुठलं? नाव द्यायला एखादी ओळ कोड लागतो, त्यात कसला आलाय मोठा खर्च! स्कॅन करून चढवलेल्या पीडीएफचंही तेच, ती म्हणजे कागदाचं नुसतं चित्र. मामांना ती वाचता येत नाहीच, पण डोळस माणसालाही त्यात आपल्या गावाचं नाव शोधता येत नाही. तोच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला ओळखता येणाऱ्या अक्षरांत दिला की दोघांचंही काम होतं. आणि ही मेहेरबानी नव्हे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवलाय. ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवताना, डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात, ती ज्यांना करताच येत नाही अशा अॅसिडहल्ला पीडितांनी ही दाद मागितली होती.