मोटर गेली, कुत्रं आलं

जानेवारीत संत्र्याची झाडं ताणावर होती, म्हणजे बहरासाठी पाणी तोडलेलं होतं. पहिलं पाणी द्यायच्या आदल्या रात्रीच कोठ्यातली मोटर गेली. ठाण्यात गेलो तर हवालदारसाहेबांनी 'कोणावर संशय?' हे नंतर विचारलं. आधी विचारलं, "मोटर केवढ्याची?"

"घेतली तव्हा अठरा हजाराची होती."

"आता केवढ्याची?"

दोनदा रिवाइंडिंग झालेली मोटर. माझ्या तोंडून 'चार' निघालं अन् बायकोनं मागून चिमटा काढला.

मग कळलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ खाली पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र, म्हणजे एनसी: कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. चोर पहिल्यांदाच दोषी ठरला अन् त्यानं माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची.

"म्हणजे माही मोटर नेणारा चौक झाडीन?" बायको म्हणाली. "त्याले आमच्या घरी पाठवा, आंगण लय मोठं हाये."

तालुक्याच्या वकीलसाहेबांनी त्याच संहितेचं कलम ३०५ काढलं. राहायच्या किंवा माल ठेवायच्या इमारतीतून चोरी झाली तर सात वर्षांपर्यंत कैद, मग किंमत कितीही असो. मी खुश. पण साहेब म्हणाले, "कोठा इमारत हाये काय, ते आधी सांगा." इमारतीची व्याख्या कायद्यात नाही. अशा वेळी कोर्ट शब्दाचा रोजचा अर्थ पाहतं, अन् तरी दोन अर्थ उरलेच तर आरोपीच्या सोयीचा धरतं. आमच्या कोठ्याला तीन भिंती, वर टिना. चौथ्या बाजूला बाज उभी केलेली. (पावसाळ्यात आम्ही त्याला खुशाल घर म्हणतो.)

"बाजेवर झोपते कोण?"

"आमचे बाबा."

"त्या रात्री?"

"लग्नाले गेले होते."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कुत्रं नव्हतं काय?"

होतं. तेही त्या रात्री गायब होतं, पहाटे पोट भरून परतलं. साहेब एकदम ताठ झाले. खिशात खाऊ ठेवून कुत्र्याला मागं लावलं, तर कुत्रं निघालं त्या क्षणी चोरी पुरी, हे उदाहरण कायद्यातच छापलेलं आहे. १८६० च्या जुन्या संहितेतही होतं. फक्त कुत्रं लांबवायचाच बेईमान इरादा पाहिजे.

पंचनाम्याला हवालदारसाहेब आले. तीन भिंती लिहिल्या, बाज लिहिली, मग पायाशी शेपटी हलवणाऱ्या कुत्र्याकडे पाहून पेन थांबवला.

"हे केवढ्याचं?"

बायकोचा हात माझ्या पाठीशी आलेला होताच.

"सहा हजाराचं," मी म्हणालो.